थोरला मित्र

डोंबिवलीत राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचा फोन गुरुवारी रात्री उशिरा वाजला. पलीकडे ठाण्यात नोकरी करणारा, मूळचा नाशिकचा, अठ्ठावीस वर्षांचा इंजिनिअर होता. रविवारी मुलगी बघायला जायचं ठरलं होतं. पत्रिका जुळली होती, मामाने मध्यस्थी केली होती आणि आईने त्या कार्यक्रमासाठी नवा शर्टही आणून ठेवला होता. ‘‘काका, हो म्हणून टाकतो. रोजची कटकट तरी मिटेल,’’ तो म्हणाला.

काकांनी आधी विचारलं, जेवलास का? मग म्हणाले, ‘‘रविवारी हो म्हणालास तर पुढची तीस वर्षं कशी जातात ते मी सांगतो. कारण मी हो म्हणालो होतो.’’

पुढचा तासभर ते आपल्या बायकोबद्दल बोलत होते. १९८३ साली लग्न होऊन त्यांच्या घरी आलेली, सुगरण, हौशी बाई. नवऱ्याने आपल्याला एकदाही मनापासून जवळ का घेतलं नाही, हे कोडं तिला अखेरपर्यंत सुटलं नाही. आपल्यातच काही कमी आहे असं धरून चालली आणि तसंच मानत गेली. ‘‘माझं आयुष्य कोंडलं गेलं, त्याचं मला वाईट वाटतंच,’’ काका त्याला म्हणाले, ‘‘पण तिचं मी फुकट घालवलं. ते मला फेडता येणार नाही. तू ज्या मुलीकडे पोहे खायला निघालायस, तिचा विचार कर.’’

शनिवारी तो नाशिकला गेला. आईला सगळं सांगितलं नाही. ‘‘आत्ता मला लग्न करायचं नाही, आणि कुणाच्या मुलीला फसवायचं नाही,’’ एवढंच बोलला. हे वाक्य काकांनी त्याच्याकडून फोनवर दोन-तीनदा म्हणवून घेतलं होतं. रविवारचा कार्यक्रम रद्द झाला. घरात आठवडाभर अबोला होता, मग तोही ओसरला.

या फोनची हकीकत दोघांनी मला वेगवेगळी सांगितली. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा ‘रक्तापलीकडची नाती’ हा विषय दिला, तेव्हा मला समलिंगी पुरुषांमधली वडीलधारी मैत्री आठवली. साठीचा एक, पंचविशीचा दुसरा. दोघांत नातं प्रेमिकांचं नाही, नात्यागोत्याचं नाही, पगारी समुपदेशनाचंही नाही. तरी त्यातून एकाचं आयुष्य मार्गी लागतं आणि दुसऱ्याचं म्हातारपण सुसह्य होतं. हे चालतं कसं, हे बघायला मी मुंबई-पुण्यातल्या अशा काही जोड्यांना भेटलो. अट एकच होती, नाव छापायचं नाही. म्हणून या लेखात त्यांना नावं नाहीत.

घरात न मिळणारं शिक्षण

शाळेत जातीवरून टोमणा ऐकून आलेल्या मुलाला घरी तेच सोसलेले आईबाप भेटतात. काय बोलायचं, कुठे गप्प बसायचं, कुठे उलटून उभं राहायचं हे त्याला घरातून मिळतं. अल्पसंख्य समाजातल्या मुलाला त्याच्या मोहल्ल्यात मिळतं. समलिंगी मुलगा मात्र स्वतःच्याच घरात एकटा असतो. आईवडील कितीही प्रेमळ असोत, त्यांनी ही वाट चाललेली नसते. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी मनात जे उमटायला लागतं, त्याचं काय करायचं हे सांगणारं त्याच्या घरात कुणीच नसतं. त्याच्या ओळखीत असा एकही म्हातारा नसतो, ज्याच्याकडे बघून त्याला वाटावं की आपणही असे साठ वर्षांचे होऊ शकतो.

असे म्हातारे समाजात नव्हते असं नाही, पण ते दिसत नव्हते. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७ त्यांच्या डोक्यावर होतं. त्यात जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद होती. प्रत्यक्षात खटले थोडे झाले, पण पोलिसांना आणि गुंडांना धमकी द्यायला ते कलम पुरेसं होतं. दुसरी भिंत लग्नाची. बहुतेकांची लग्नं पंचविशीच्या आसपास झाली, आणि संसारात शिरलेल्या माणसाने तरुण मुलांशी मोकळेपणाने बोलायची वाटच बंद झाली. तिसरा घाव एचआयव्हीचा. सरकारी रुग्णालयांत मोफत औषधं मिळायला लागली ती १ एप्रिल २००४ पासून. त्याआधीच्या दीड-दोन दशकांत मुंबईतली किती माणसं आजाराचं नाव न घेता गेली, हे त्यांच्या मित्रांनाच ठाऊक. आज जे सत्तरीत असते, त्यांतले अनेक त्या काळात हरवले.

त्यामुळे ज्यांनी उघडपणे उभं राहायचं ठरवलं, त्यांच्यावर एकाच वेळी शेकडो मुलांचं थोरलेपण येऊन पडलं. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ मध्ये एका इंग्रजी मासिकाच्या मुलाखतीत आपलं समलिंगी असणं जाहीर केलं. तरुणपणी ते रामकृष्ण मठात संन्यासाच्या वाटेवर गेले होते. तिथल्या स्वामी हर्षानंदांनी, म्हणजे एका ज्येष्ठ संन्याशाने, स्वतःपासून पळू नकोस असं सांगून आपल्याला परत जगात पाठवलं, ही गोष्ट ते सांगत आले आहेत. १९९० मध्ये त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात महापालिकेच्या जुन्या इमारतीत या संस्थेला जागा मिळाली. ज्या देशात या माणसांचं प्रेम गुन्हा होतं, तिथे एका महापालिकेने त्यांना भेटायला खोली दिली, याचं मोल आज सांगूनही चटकन कळत नाही. तिथे येणाऱ्या मुलाला पहिल्यांदा आपल्यासारखाच पन्नाशीचा माणूस चहा पिताना दिसायचा.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. अमेरिकेतली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून आलेल्या या माणसाने हेल्पलाइन चालवली आणि मराठीत पुस्तकं लिहिली. त्यांचं ‘पार्टनर’ हे समलिंगी मराठी तरुणावरचं पुस्तक तालुक्याच्या गावांतल्या कितीतरी मुलांनी लपवून वाचलं. अनेकांना भेटलेला पहिला थोरला मित्र असा छापील होता.

पहिली भेट उडप्याच्या हॉटेलात

आज ओळखी होतात त्या गटांच्या बैठकांत, हेल्पलाइनवर, प्राइड मार्चमध्ये, आणि सर्वांत जास्त मोबाइलच्या डेटिंग ॲपवर. ॲपवर ओळख झाली तरी सगळ्या ओळखी एकाच दिशेने जात नाहीत. ‘‘माझं वय बघूनही एखादा मुलगा बोलत राहिला, तर बहुतेकदा त्याला काहीतरी विचारायचं असतं,’’ डोंबिवलीचे काका म्हणाले.

त्यांचे नियम ठरलेले आहेत. पहिली भेट दुपारी, गर्दीच्या उडप्याच्या हॉटेलात. घरी नाही. आपापल्या खाण्याचे पैसे ज्याने त्याने द्यायचे, म्हणजे मुलाला कुठल्याही उपकाराचं ओझं वाटणार नाही. कुठे काम करतोस, आडनाव काय, हे ते विचारत नाहीत. विचारतात ते असं: राहतोस कुठे, भाडं स्वतः भरतोस का, घरी कोण कोण आहे, झोप लागते का. शेवटच्या प्रश्नावर मुलं थांबतात, असा त्यांचा अनुभव आहे. झोप उडालेली असते आणि ते कुणी विचारलेलं नसतं.

पुढच्या भेटींत जे दिलं जातं ते दिसायला अगदी साधं असतं. खोली घेताना डिपॉझिटची पावती घे. अमुक भागात एक डॉक्टर आहेत, ते तुच्छतेने बोलत नाहीत, तपासणीसाठी त्यांच्याकडे जा. धोका झाला असं वाटलं तर बहात्तर तासांच्या आत औषध सुरू केल्यास एचआयव्हीची लागण टाळता येते, तेव्हा लाजून घरी बसू नकोस. ॲपवर भेटलेल्या माणसाकडे जाताना एका मित्राला पत्ता पाठवून ठेव. ऑफिसचं ओळखपत्र खिशात नेऊ नकोस. ही माहिती इंटरनेटवर आहेच. पण मुलाला ती विश्वासाच्या माणसाकडून ऐकायची असते, आणि ऐकल्यावर ‘मग तुम्ही काय केलंत?’ असं विचारायचं असतं.

एका प्रसंगी काका आपल्या तरुण मित्राबरोबर पोलीस ठाण्यात गेले. ॲपवर ओळख काढून बोलावलेल्या तिघांनी त्या मुलाचा व्हिडिओ काढला होता आणि तो घरी पाठवण्याची धमकी देऊन महिनाभर यूपीआयवरून पैसे उकळत होते. तक्रार दिली तर आपल्यालाच पकडतील या भीतीने तो भरत राहिला. ही भीती काकांना परकी नव्हती. त्यांच्या तरुणपणी ती खरीच होती, कारण तेव्हा लुबाडला गेलेला माणूस कायद्याने स्वतःच गुन्हेगार होता. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ सारखं कलमच नाही, आणि खंडणीसाठी कलम ३०८ आहे. काकांनी हे कागदावर लिहून नेलं होतं. ठाण्यातल्या हवालदाराने आधी दोघांकडे रोखून बघितलं, नात्याने कोण, असं विचारलं. ‘‘काका आहे मी त्याचा,’’ असं सांगून ते बाकावर बसले आणि तक्रार नोंदवून घेईपर्यंत उठले नाहीत. मुलगा मला म्हणाला, ‘‘मी एकटा असतो तर बाहेरूनच परत आलो असतो.’’

घरच्यांनी ‘उपचारा’साठी डॉक्टरांकडे नेणं हा आणखी एक नेहमीचा प्रसंग. समलैंगिकता हा आजार नाही, हे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. ती बदलण्याचे ‘उपचार’ करणं हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं. तरी मांत्रिक, बाबा आणि काही डॉक्टरसुद्धा हा धंदा करतात. अशा वेळी मुलाने आईबापांशी भांडण्यापेक्षा त्यांच्याच वयाच्या, त्यांच्यासारख्याच बोलणाऱ्या माणसाने त्यांच्यासमोर बसणं जास्त कामाला येतं. नाशिकच्या त्या आईला पुढे सगळं कळल्यावर काका त्यांच्याशी फोनवर बोलले. पहिले दोन फोन त्यांनी उचललेच नाहीत. तिसऱ्यांदा उचलला आणि विचारलं, ‘‘तुमच्या आईला माहीत होतं का हो?’’

सदाशिव पेठेतला अभ्यास

पुण्यात भेटलेली जोडी वेगळी होती. तरुण बीड जिल्ह्यातला, एमपीएससीच्या तयारीसाठी आलेला, चोवीस वर्षांचा. सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहणारा, दिवसभर अभ्यासिकेत, दोन वेळ मेस. वडील ऊसतोडणीला जातात. थोरला मित्र कोथरूडचा, मराठी शाळेतून निवृत्त झालेला अविवाहित शिक्षक. त्यांची ओळख एका पुस्तकाच्या कार्यक्रमात झाली. सरांनी त्याला आधी मराठीच्या निबंधाचा पेपर तपासून देऊ का, असं विचारलं होतं. बाकीचं बोलणं दोन महिन्यांनी झालं.

सरांचा सल्ला ठाम आहे: आधी पोस्ट, मग घरी सांगणं. घरून येणारे पैसे थांबले तर या मुलाची पुण्यातली कॉट जाईल, अभ्यास जाईल आणि गावी परत गेल्यावर वर्षभरात लग्न लावून देतील. म्हणून ते त्याला थांबायला सांगतात. स्वतःला दोष न देता थांबायला शिकवणं, हेच आपलं खरं काम आहे असं ते मानतात. खोलीत सात मुलं असताना, सतत मुलींच्या गप्पा चालू असताना रोज एक खोटं बोलावं लागतं. त्या खोट्याने मन कुजू नये म्हणून आठवड्यातून एकदा खरं बोलायला एक जागा हवी. रविवारी सकाळी सरांच्या घरच्या चहावर ती मिळते.

याच सल्ल्यावर पुण्यातल्या तरुण कार्यकर्त्यांचा आक्षेपही मी ऐकला. त्यांचं म्हणणं, ‘थांब, गप्प राहा’ हे सांगून सांगून जुन्या पिढीने स्वतःची आयुष्यं घालवली, आता तीच भीती पुढच्यांना देऊ नये. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पुण्यात २०११ पासून प्राइड निघतो, मुंबईत २००८ पासून, आणि उघडपणे जगणाऱ्या मुलांमुळेच बीडच्या मुलाला आपण एकटे नाही हे कळलं. पण हा मुलगा स्वतः सरांच्या बाजूने उभा राहिला. ‘‘ज्याचा बाप कोयता चालवतो, त्याने कधी बोलायचं हे त्याचं त्याला ठरवू द्या,’’ तो म्हणाला. मला वाटतं, चांगला थोरला मित्र ओळखायची खूण इथे आहे. तो आपली भीती मुलाला देत नाही आणि आपलं धाडसही त्याच्यावर लादत नाही. तो मुलाच्या परिस्थितीचा नीट हिशेब मांडतो आणि निर्णय त्याच्यावर सोडतो.

मर्यादा आखलेली मैत्री

साठीचा समलिंगी पुरुष आणि पंचविशीचा मुलगा म्हटलं की लोकांच्या मनात पहिला विचार काय येतो, हे मला ठाऊक आहे आणि या माणसांनाही ठाऊक आहे. म्हणून तो प्रश्न मी प्रत्येकाला सरळ विचारला.

कुणीही तो झटकला नाही. आकर्षण निर्माण होऊ शकतं, दोन्ही बाजूंनी होऊ शकतं, असं सगळ्यांनी कबूल केलं. घरातून तुटलेला मुलगा मायेच्या पहिल्या शब्दाला प्रेम समजू शकतो. आयुष्यभर स्पर्शाला पारखा राहिलेला माणूस मुलाच्या कृतज्ञतेचा चुकीचा अर्थ लावू शकतो. आणि मदतीच्या नावाखाली तरुणांचा फायदा घेणारे लोकही आहेत. एका तरुणाने सांगितलं, की शहरात आल्यावर राहायला जागा देणाऱ्या एका वयस्कर माणसाने महिन्याभरातच त्या जागेची किंमत मागितली. तो रात्री बॅग घेऊन दादर स्टेशनवर येऊन बसला होता. त्यानंतर थोरल्या माणसावर विश्वास ठेवायला त्याला चार वर्षं लागली.

म्हणूनच जाणती माणसं मर्यादा आधीच आखून घेतात. अठरा वर्षांखालच्या मुलाशी खासगी ओळख वाढवायची नाही. तसा कुणी संपर्कात आला तर त्याला प्रशिक्षित समुपदेशकाकडे पोचवायचं, कारण तिथे कायदा आणि जबाबदारी दोन्ही वेगळ्या आहेत. उसने पैसे द्यायचे तर मोजके, आणि गटातल्या आणखी एकाला माहीत असू द्यायचं. मुलाला आपल्या घरी राहायला ठेवायची वेळ आली तर तिसरा माणूस घरात असावा. आणि सर्वांत महत्त्वाचं, मुलाचे स्वतःच्या वयाचे मित्र व्हावेत यासाठी प्रयत्न करायचा. ‘‘माझ्याशिवाय त्याचं अडायला लागलं, तर माझं काम बिघडलं असं समजावं,’’ कोथरूडचे सर म्हणाले. त्यांच्या शिक्षकी पेशातून आलेली ही समज मला या संपूर्ण शोधात सर्वांत मोलाची वाटली.

उलट दिशेने येणारी माया

या नात्यात देणारा एकच आहे असं समजून मी निघालो नव्हतो, पण घेणं किती मोठं आहे याची कल्पना जवळून पाहिल्यावर आली.

थोरल्यांचं एकटेपण समजून घ्यायचं तर अलिगढ मुस्लीम विद्यापीठात मराठी शिकवणारे, नागपूरचे प्राध्यापक रामचंद्र सिरस यांची आठवण मराठी वाचकाला असायला हवी. ‘पायाखालची हिरवळ’ या कवितासंग्रहाचे कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या घरात घुसून त्यांचं चित्रण केलं गेलं आणि विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केलं. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला काही महिनेच उरले होते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि त्यानंतर आठवडाभरातच ते आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. त्यांच्यावरच्या ‘अलिगढ’ या हंसल मेहतांच्या चित्रपटात सिरस आणि एक तरुण पत्रकार यांच्या मैत्रीलाच मध्यवर्ती जागा आहे. न्यायालयात जिंकलेला माणूसही रोज संध्याकाळी कुणी दार ठोठावणारं नसेल तर किती एकटा पडतो, हे त्या आयुष्याने दाखवलं.

मुंबईत पन्नाशी ओलांडलेल्या समलिंगी पुरुषांचा ‘सीनेजर्स’ नावाचा गट आहे, तो याच एकटेपणाशी झुंजतो. पण समवयस्कांच्या गप्पांनी सगळं भागत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत थेंब घालायला, बँकेच्या ॲपचा पासवर्ड बदलायला, रात्री छातीत दुखल्यावर रिक्षा आणायला तरुण माणूस लागतो. डोंबिवलीच्या काकांच्या दोन्ही मुली परदेशात आहेत, त्यांना वडिलांबद्दल माहीत नाही. गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला तेव्हा त्यांच्या खाटेशेजारी ठाण्याचा तो इंजिनिअर लॅपटॉप घेऊन पाच दिवस बसला होता. प्लेटलेटचे आकडे तो मुलींना व्हॉट्सॲपवर कळवत होता, ‘शेजारी’ म्हणून.

याहूनही खोल काहीतरी मिळतं. कोथरूडचे सर वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत ‘मी समलिंगी आहे’ हे वाक्य मोठ्याने बोलले नव्हते. बीडच्या मुलाने आपल्याबद्दल सांगितलं तेव्हा उत्तर म्हणून ते पहिल्यांदा बोलले. ‘‘त्याला धीर द्यायचा म्हणून बोललो, आणि मलाच रडू आवरेना,’’ ते म्हणाले. मागच्या वर्षी त्या मुलाने त्यांना प्राइडला नेलं. ते फुटपाथवरून मिरवणुकीच्या बरोबरीने चालले, मध्ये उतरले नाहीत. मुलगाही त्यांच्याबरोबर फुटपाथवरूनच चालला.

कागद करून ठेवा

या मैत्रीतून एक नवीन काम पुढे आलं आहे, आणि ते तरुण मंडळी करत आहेत. ते म्हणजे कागदपत्रांचं.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे तीस वर्षं एका छताखाली राहिलेले दोन पुरुष कायद्याच्या नजरेत परकेच आहेत. अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला आणि आईवडील हयात नसतील, तर मालमत्ता भावाबहिणींकडे, तेही नसतील तर पुतण्या-भाच्यांकडे जाते. ज्या भावाने वीस वर्षं दार बंद ठेवलं तो तेराव्याला किल्ली मागायला येतो, आणि जोडीदार किंवा मित्र जिन्यात उभा राहतो.

हे टाळता येतं. वकिली शिकणारा एक तरुण दर महिन्याला एका ज्येष्ठाच्या घरी बसून हेच काम करतो. साध्या कागदावर मृत्युपत्र चालतं, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर भांडण कमी होतं. गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशन केलं म्हणजे घर त्या माणसाचं झालं असं नाही. तो सांभाळणारा असतो, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. हा फरक न कळल्यामुळे अनेकांची निराशा होते. अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे लिहून ठेवण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तसं लिहून ठेवता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की समलिंगी व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराचं नामनिर्देशन करायला कोणतीही आडकाठी नाही. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने विवाहाशिवायही कुटुंब उभं राहू शकतं, माणसाने निवडलेलं कुटुंबही कुटुंबच असतं, असं म्हटलं.

डोंबिवलीच्या काकांनीही मृत्युपत्र केलं. घर मुलींना. पण पुस्तकं, जुने फोटो आणि एक बंद लिफाफा ठाण्याच्या मुलाला. लिफाफा मुलींना कधी द्यायचा, हे त्याने ठरवायचं आहे.

ज्यांच्या वाट्याला हे येत नाही

मी पाहिलेल्या जोड्या मुंबई-पुण्याच्या. त्यातही बहुतेक पांढरपेशा. गटांच्या बैठका अजूनही इंग्रजीकडे झुकतात आणि बऱ्याचदा अशा कॅफेत होतात, जिथल्या एका कॉफीत मेसचं दोन वेळचं जेवण येतं. बीडचा मुलगा एकदा अशा बैठकीला गेला आणि तासभर कोपऱ्यात बसून परत आला. समलिंगी असूनही तिथे तो पाहुणाच होता.

जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम बहुतेकदा एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पांतले कार्यकर्ते करतात. कंडोम वाटता वाटता, तपासणीला नेता नेता तेच दादा होतात, भांडणं मिटवतात, मुलांना रात्रीची एसटी पकडून देतात. त्यांचं मानधन तुटपुंजं असतं आणि प्रकल्पाचा निधी थांबला की कार्यालय बंद होतं. त्या दादाचा फोन मात्र चालू राहतो, कारण मुलांचे फोन थांबत नाहीत. त्यांच्या थोरलेपणाची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही. तपासण्या किती केल्या एवढीच होते. महाराष्ट्रात या मुलांचा खरा आधार कोण, असं कुणी विचारलं तर मी आधी या कार्यकर्त्यांकडे बोट दाखवीन.

या अंकाच्या वाचकांना

दिवाळी अंक मराठी घरात फार जण वाचतात, आणि त्यांत साठीच्या पुढची माणसं पुष्कळ असतात. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांत असे पुरुष नक्की आहेत, ज्यांनी हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. कुणी संसार केला, कुणी ‘लग्न जमलंच नाही’ असं सांगत वय काढलं. तुमच्यासाठी मी हे लिहिलं आहे.

तुम्ही आता जाहीरपणे काही सांगावं असं माझं म्हणणं नाही. तो निर्णय तुमचा आणि तुमच्या घराचा आहे. पण तुम्ही ज्या चुका केल्या, जी भीती सोसली, जे प्रेम लपवून जपलं, त्या सगळ्याची गरज असलेला एक मुलगा तुमच्याच शहरात या क्षणी स्थळाला हो म्हणायच्या बेतात आहे. त्याला तुमच्याकडून आदर्श आयुष्य नको आहे. जगून दाखवलेलं, खरं सांगितलेलं आयुष्य हवं आहे. आपल्या आयुष्यातून कुणाला काही देता येण्यासारखं नाही, असं तुम्ही मानत असाल तर ते चुकीचं आहे. हेल्पलाइन चालवणाऱ्या संस्थांना मराठी बोलणारी, वय झालेली, ऐकून घेणारी माणसं हवी आहेत. तिथे फोन करा.

आणि बाकीच्या वाचकांनो, तुमच्या मुलाचा, भाच्याचा, विद्यार्थ्याचा असा एखादा वयाने मोठा मित्र तुम्हाला कळला, तर चौकशी जरूर करा, ती तुमची जबाबदारीच आहे. पण चौकशी संपल्यावर तो माणूस भला निघाला, तर त्याला घरी जेवायला बोलवा. तुमच्या मुलाला जे तुम्ही शिकवू शकत नव्हता, ते तो शिकवत आहे.